सेंट दोन तासांत उडतो, तर नाशकात लावायचा तरी कुठला?

प्रश्न थोडक्यात असा: वय 27, नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यात क्वालिटीला नोकरी, पाथर्डी फाट्यावरून रोज मोटरसायकलने ये-जा. मित्रांचं ऐकून दिओरचा सोव्हाज घेतला, पण 'दोन तासांत उडतो'. मे महिन्यात लग्न आहे. पाच हजारांच्या आत-बाहेर, दिवसभर टिकेल असा 'दमदार' सेंट हवाय.

सुचवतो. पण आधी त्या 'उडतो'चा निकाल लावू, कारण तो लागला की 'दमदार'ची गरज उरत नाही.

मी पूर्वी मुंबईत सुगंधी द्रव्यं बनवणाऱ्या एका कंपनीत नमुने हुंगून शेरे मारायच्या कामावर होतो. आता बरीच वर्षं नाशकात अत्तरं आणि परफ्यूम विकतो. काउंटरवर सगळ्यात जास्त कानावर येणारी तक्रार हीच, आणि ती करणाऱ्याच्या अंगाला अनेकदा घमघमाट सुटलेला असतो. सेंट जागेवर आहे, नाक दमलंय. तुमच्या शॉपफ्लोअरवर कूलंटचा वास पहिल्या आठवड्यात डोकं उठवत असेल. आज येतो का? कूलंट कुठे गेलेलं नाही. तोच वास सतत येत राहिला की मेंदू त्याची दखल घेणं सोडून देतो. हे सगळ्यांचंच होतं, सेंट बनवणाऱ्यांचंसुद्धा.

सोव्हाजच्या बाबतीत हे जरा जास्तच होतं. 2015 साली फ्रांस्वा देमाशीने तो बांधला तो बर्गमॉट (लिंबाच्या जातीचं फळ), मिरी आणि अ‍ॅम्ब्रॉक्सनच्या जोरावर. व्हेलच्या आतड्यात तयार होणाऱ्या अंबरला जो कोरडा, खारट-लाकडी वास असतो, तो देणारं हे प्रयोगशाळेतलं द्रव्य. अ‍ॅम्ब्रॉक्सन, आयसो ई सुपर (हेही लाकडी वासाचं, प्रयोगशाळेतलंच) आणि बरेचसे कृत्रिम कस्तुरीगंध यांची खोड अशी, की काही नाकांना ते जवळजवळ येतच नाहीत, काहींना थोडा वेळ येतात, मग नाहीसे होतात आणि वाऱ्याची झुळूक आली की परत येतात. शेजारी बसलेल्या माणसाला मात्र ते येत असतात. परीक्षा सोपी आहे. सकाळी शर्टाच्या आत छातीवर दोनदा मारा आणि दुपारी अशा माणसाला विचारा, जो त्या दिवशी तुम्हाला पहिल्यांदाच भेटतोय. शेजारच्या टेबलावरचा चालणार नाही, त्याचंही नाक तोवर दमलेलं असतं.

ही परीक्षा न करता लोक डब्याच्या सुट्टीत पुन्हा चार फवारे मारतात. असे दोघे मे महिन्यात सीबीएस बसस्टँडवरून सातपूरला निघालेल्या शेअर रिक्षात दोन बाजूंना बसले आणि मधे तुम्ही असलात, की 'दमदार' म्हणजे काय ते कळतं.

दुसरी गोष्ट हवेची. सेंटमधले लिंबू, बर्गमॉट, पुदिन्यासारखे हलके घटक आधी उडतात, फुलं-मसाले मागून, आणि लाकूड, राळ, कस्तुरी शेवटपर्यंत बसून राहतात. उष्णता वाढली की सगळ्यांचाच वेग वाढतो. नाशकात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि हवा कोरडी असते. अशा वेळी कुठलाही सेंट पहिल्या तासात दुप्पट ओरडतो आणि लवकर दमतो. डिसेंबरात उलटं. इकडे पहाटे बोचरी थंडी, तिकडे निफाडच्या तापमानाचा आकडा पेपरात छापून येतो, आणि जॅकेटच्या आत सेंट झोपून असतो. दहा वाजता ऊन अंगावर आलं की तो जागा होतो. त्यातून थंडीत आपली कातडी कोरडी पडते आणि कोरड्या कातडीवर सेंट धरत नाही. आंघोळीनंतर बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा थोडं व्हॅसलीन लावून त्यावर सेंट मारला की फरक पडतो. खोबरेल तेलही चालतं, पण त्याचा स्वतःचा वास मधे येतो. यूट्यूबवर परदेशातला कुणी एसी खोलीत बसून 'बारा तास टिकला' म्हणतो, ते त्याच्या हवेत खरं असेल. मुंबईच्या दमट हवेतला सल्लासुद्धा घाट चढून आपल्याकडे आला की निम्मा बाद होतो.

बाटलीवरच्या अक्षरांचा गोंधळही इथेच मिटवतो. ओ द तॉयलेतमध्ये साधारण 5 ते 15 टक्के सुगंधी अर्क, ओ द पार्फममध्ये 15 ते 20, आणि नुसतं पार्फम लिहिलं असेल तर त्याहून जास्त, असा ढोबळ हिशेब आहे. पण तो कायदा नाही, प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. शिवाय आत काय आहे त्यावर टिकणं ठरतं. 20 टक्क्यांचा लिंबू 8 टक्क्यांच्या चंदनाच्या आधी घरी जातो. म्हणून टिकणं आणि ओरडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्हाला पहिली हवी आहे. दुकानदार बहुतेक वेळा दुसरी विकतात, कारण काउंटरवर तीच लगेच कळते.

आता लावून बघितलेल्यांबद्दल. हे माझ्या कातडीचं आणि नाकाचं मत आहे, तुमचं वेगळं निघू शकतं.

सोव्हाज मागायला येणाऱ्याला मी आधी 1966 चा ओ सोव्हाज हुंगायला देतो. नाव आणि कंपनी सोडली तर दोघांत काही नातं नाही. एडमाँ रुदनित्स्का या माणसाने तो बनवला, आणि त्यात हेडिओन नावाचं द्रव्य असं काही वापरलं की त्यानंतर पुरुषांच्या सेंटची हवाच बदलली. लावल्याबरोबर लिंबाच्या सालीला नख लावल्यासारखा झणका येतो, थोडी हिरवी पाल्याची कडू चव, आणि दहा-पंधरा मिनिटांनी मागून जाई-मोगऱ्याच्या जातीचं काहीतरी पसरतं. गजऱ्यासारखं गोड, जड नाही. गजरा ठेवून नेलेल्या खोलीत नंतर शिरलं की जे जाणवतं तेवढंच. माझ्या अंगावर तीन-चार तास, मग शेवाळासारखा कोरडा तळ. उन्हाळ्यातल्या सकाळसाठी याहून सभ्य काही मी लावलेलं नाही. तरुण गिऱ्हाईक मात्र तोंड वाकडं करून 'पप्पांच्या आफ्टरशेव्हसारखा आहे' म्हणतं. बरोबरच आहे, त्या काळच्या कितीतरी आफ्टरशेव्हनी याचीच री ओढली.

सोव्हाज स्वतः वाईट नाही. पहिल्या मिनिटाला चकचकीत, खमंग. पण नंतर तो दिवसभर एकाच सुरात बोलतो, आणि उन्हात त्या सुराला पत्र्यासारखी धार येते. थंडीत, दोन फवाऱ्यांत, छान. तुमच्याकडे आहेच, तर फेकू नका. कपाटात ठेवा, दिवाळीनंतर काढा.

तुमच्या नोकरीला मी डोळे मिटून सुचवीन तो डेव्हिडॉफचा कूल वॉटर. 1988 चा, पिएर बूर्दोंने केलेला. त्यातल्या डायहायड्रोमिर्सेनॉल नावाच्या द्रव्याचा वास तुम्हाला पाठ आहे, कारण तेच अनेक अंगाच्या साबणांत आणि कपड्यांच्या पावडरींत असतं. त्यामुळे हा लावलेल्या माणसाने 'सेंट मारलाय' असं कुणी म्हणत नाही, 'स्वच्छ वाटतोय' म्हणतं. कारखान्यात एवढं पुरे. लोक त्याला स्वस्तातला म्हणून नाक मुरडतात आणि चौपट पैसे देऊन त्याच घराण्यातलं काहीतरी आणतात.

अ‍ॅक्वा दि जिओ, 1996 चा. त्यातला समुद्राचा भास कॅलोन नावाच्या द्रव्यामुळे येतो, आणि कॅलोनला कलिंगडाचीही एक छटा आहे. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत सुरेख. जुलैत, चार दिवस कपडे वाळत नसताना, तेच कलिंगड उतरल्यासारखं वाटतं. पावसाळ्यात मी तो लावत नाही.

फॅरनहाइटही 1988 चाच. व्हायोलेटच्या पानामुळे त्याला पेट्रोलची झाक आहे. मला तो मनापासून आवडतो, पण अंबडच्या माणसाने लावला तर 'गाडीतून पेट्रोल गळतंय का बघ' एवढीच दाद मिळेल.

ऑक्टोबरच्या उकाड्यासाठी आणि ऑफिससाठी माझा स्वतःचा हात एर्मेसच्या तेर द'एर्मेसकडे जातो. जाँ-क्लोद एलेनाने 2006 साली केला. सुरुवातीला संत्र्याची साल, तिचा आतला पांढरा कडू भागसुद्धा, मग मिरी, मग गारगोटीवर गारगोटी घासल्यावर येणारा कोरडा ठिणगीचा वास, आणि सगळ्याच्या खाली वाळा. भर दुपारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना तापलेल्या काळ्या दगडाजवळ थांबून बघा, तुम्हाला या सेंटचा मधला भाग फुकटात मिळेल. याच्यातही आयसो ई सुपर भरपूर आहे, म्हणजे तुमच्या स्वतःच्या नाकाला तो येत-जात राहणार. एक सावधगिरी: काहींना यात संत्र्याचा वास येतच नाही, सरळ घामाचा येतो. विकत घेण्याआधी अंगावर लावून घरच्यांना विचारा. आई आणि होणारी बायको या बाबतीत खोटं बोलत नाहीत. पाच हजारांत याची मोठी बाटली बसणार नाही, पण 10 मिलीचं डिकँट, म्हणजे मोठ्या बाटलीतून लहान कुपीत काढून दिलेलं, बसेल. खात्रीच्या माणसाकडूनच घ्या, कारण कुपीत नेमकं काय ओतलंय ते बघून कळत नाही.

वाळ्याचा विषय निघालाच आहे तर इथे जरा थांबतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला इथे दिसतं.

माठात वाळ्याची जुडी टाकलेलं पाणी तुम्ही लहानपणी प्यायला असाल. त्याच मुळांचं तेल जगभरच्या पुरुषी सेंटांचा पाया आहे. गेर्लांचा वेतिवेर, जाँ-पॉल गेर्लांने 1959 साली केलेला, हा त्या वाळ्याला इस्त्री करून कोट चढवलेला प्रकार: वर लिंबू, मधे जायफळ आणि तंबाखू, खाली वाळा. नीटनेटका, कमी बोलणारा, उन्हाळ्यात अतिशय शोभणारा. आणि दुसऱ्या टोकाला रूह खस, म्हणजे उत्तर प्रदेशात तांब्याच्या डेगांमध्ये गाळलेलं वाळ्याचं शुद्ध तेल. तांब्यामुळेच त्याला गर्द हिरवा रंग येतो. बोटाच्या टोकावर जेमतेम येईल एवढं कानामागे लावलं की पहिला अर्धा तास तो कच्चा वाटतो. ओली माती, सोललेल्या भुईमुगाच्या शेंगा, थोडा धूर. पुष्कळ लोक इथेच घाबरून हात धुतात. थांबायला हवं. त्यानंतर तो असा काही थंड आणि कोरडा होतो की मे महिन्यातल्या दुपारीही मानेभोवती सावली असल्यासारखं वाटतं. वाळ्याचं तेल जड असतं, दुसऱ्या सुगंधांना धरून ठेवायला म्हणूनही ते वापरतात. त्यामुळे सकाळी लावलेलं संध्याकाळी शर्ट काढताना भेटतं, तेही रिक्षातल्या कुणाला त्रास न देता. तुम्हाला हवं ते दिवसभर टिकणं हे आहे.

मात्र शंभर-दोनशे रुपये तोळ्याने 'ओरिजिनल खस' मिळतं, तिकडे वळू नका. अत्तराच्या बाजारात तोळा म्हणजे साधारण 12 मिली, आणि तेवढं खरं रूह खस त्या पैशांत येऊच शकत नाही. पूर्वी अत्तरं चंदनाच्या तेलात गाळायचे. चंदन महाग झाल्यावर त्याची जागा लिक्विड पॅराफिन आणि डीईपीसारख्या स्वस्त, बिनवासाच्या द्रवांनी घेतली. दूध बाजार-भद्रकाली भागात जुनी दुकानं हिंडताना सरळ विचारायचं, 'बेस काय आहे?' चांगला अत्तरवाला न रागावता सांगतो आणि दोन-तीन प्रतीची कुपी पुढे ठेवतो. एक तोळा घ्यायची गरजच नाही, चांगल्या प्रतीचं 2-3 मिली महिनोन्‌महिने जातं.

अत्तरवाल्याकडे गेलाच आहात तर मिट्टीही हुंगा. कनौजला भट्टीत भाजलेल्या मातीचे तुकडे डेगेत घालून त्याची वाफ चंदनाच्या तेलात धरतात. पहिल्या पावसाच्या वासाला पेट्रिकोर हे नाव 1964 साली ज्या दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी दिलं, त्यांनीही नोंदवून ठेवलंय की भारतातले अत्तरवाले हा वास आधीपासून बाटलीत भरतात. लावायला कसा आहे म्हणाल, तर फार हळवा. वीतभर अंतरापलीकडे जात नाही. पाऊस पडत असताना लावून उपयोग नाही, बाहेरचा वास जिंकतो. मी तो मार्चच्या कोरड्या संध्याकाळी लावतो, आणि तो पूर्णपणे स्वतःसाठी.

हिना आणि शमामा थंडीचे. केशर, लवंग, वेलदोडा, मुळ्या, खोडं असं पुष्कळ काही गाळून केलेली ही उबदार अत्तरं डिसेंबरात लोकरी कपड्यावर शोभतात. उन्हाळ्यात नाव काढू नका. उदाचंही तेच. आसामच्या अगरूच्या झाडाला बुरशी लागली की त्या खोडात जे काळं, राळेचं लाकूड तयार होतं तो खरा ऊद. तो इतका महाग आहे की 'ऊद' लिहिलेल्या बहुतेक बाटल्यांत प्रयोगशाळेतला ऊद असतो. तोही चालतो, पण मे महिन्यात कॉलेज रोडच्या बंद दुकानात ऊद लावलेला माणूस शिरला की मला पंखा मोठा करावा लागतो.

गुलाबाबद्दल पुरुष लाजतात, याचं मला नाशकात विशेष वाटतं. मोगलांच्या काळात या गावाला गुलशनाबाद म्हणायचे. आज दिंडोरीकडच्या पॉलिहाउसमधून जाणाऱ्या लांब दांड्याच्या गुलाबांना जवळजवळ वासच नसतो. ते फुलदाणीत जास्त दिवस टिकावेत म्हणून तयार केलेले वाण आहेत, त्या नादात वास गेला. अत्तराचा गुलाब वेगळा, दमास्क जातीचा. वाळ्याच्या जोडीला एक थेंब गुलाब मनगटावर घेऊन बघा. बायकी वगैरे काही वाटत नाही, उलट वाळ्याचा कोरडेपणा मऊ होतो.

राहिलेले भराभर. क्रीडचा अ‍ॅव्हेंटस, 2010 चा, अननस आणि बर्चचा धूर. थंडीच्या सकाळी उत्तम, पण त्याच्या नावाला जेवढे पैसे लागतात तेवढे वासाला लागू नयेत असं माझं मत. त्याच्या चालीवर बेतलेला अरमाफचा क्लब द न्वी इंटेन्स मॅन तुमच्या पैशांत सहज बसतो. त्याचं पहिलं पाव तास लिंबू फरशी पुसायच्या लिक्विडसारखं टोचतं, तेवढं घरातच सोसून बाहेर पडायचं. मग मूळ कुठला आणि छाया कुठली हे चालत्या माणसाला कळत नाही. जाँ पॉल गोतिएचा ल माल, 1995 चा. तो बनवला तेव्हा फ्रान्सिस कुर्कजियां जेमतेम पंचविशीत होता. लॅव्हेंडर, पुदिना आणि भरपूर व्हॅनिला, म्हणजे दाढी करून सलूनमधून थेट बेकरीत. जानेवारीत मजा येते. व्हर्साचेचा इरॉस डीजेसमोर नाचणाऱ्या वरातीसाठीच जन्मला असावा. नवरदेवाने लावू नये, मित्रांना लावू द्यावा.

लावायच्या पद्धतीवर आता, कारण निम्मे पैसे तिथे वाया जातात.

तुम्ही हेल्मेट घालता. मग गळ्यावर, कानामागे फवारा मारायचा नाही. हेल्मेटच्या आत तो वास कोंडतो, स्पंजात मुरतो, आणि पाथर्डी फाट्यापासून अंबडपर्यंत डोकं धरतं. महिन्याभराने हेल्मेटला पाच सेंटांचा मिळून एक आंबूस वास लागतो. फवारा छातीवर, बनियनच्या आत. कानामागे लावायचं ते अत्तर कारखान्यात पोचल्यावर. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर लिंबू-बर्गमॉटचं कच्चं तेल तर अजिबात नको, त्यातल्या काही घटकांवर ऊन पडलं की कातडी भाजते आणि काळे डाग राहतात. मोठ्या कंपन्यांच्या सेंटांत त्यावर मर्यादा असते, पण सुट्या तेलांचा भरवसा नाही.

घामावर सेंट मारणं म्हणजे दोन वासांची भांडणं लावणं. आंघोळ झाली की ओल्या काखेत तुरटीचा खडा फिरवा. तिला वास नाही, खर्च नाही, आणि सेंटच्या आड येत नाही. बाजारातले तीव्र वासाचे डिओ वापरून वर महागाचा सेंट मारणारे मला कळत नाहीत.

संख्या: उन्हाळ्यात एक किंवा दोन फवारे, थंडीत तीन, कधी शर्टाच्या आतल्या बाजूला एक जास्तीचा. कापडावर सेंट कातडीपेक्षा जास्त टिकतो, मात्र गडद रंगाच्या अत्तराचा पांढऱ्या शर्टावर डाग पडतो आणि तो निघत नाही. मनगटं एकमेकांवर घासू नका म्हणतात, त्यात फार मोठं पाप नाही, पण घासून मिळतही काही नाही.

काही ठिकाणी अजिबात लावायचा नाही. दवाखान्यात कुणाला भेटायला जाताना. जिममध्ये. आणि नाशिककर असल्यामुळे हे सांगायलाच हवं, वायनरीत टेस्टिंगला जाताना. गंगापूर धरणाच्या बाजूला मित्रांबरोबर गेलात तर त्या ग्लासातला वास घेण्यासाठीच लोक पैसे देऊन बसलेले असतात, आणि टेबलावर एकाने अ‍ॅव्हेंटस मारलेला असला की सगळ्यांच्या वाइनला अननस येतो.

बाटली गाडीच्या डिकीत, डॅशबोर्डवर, बाथरूममध्ये, खिडकीत ठेवू नका. उष्णता, ऊन आणि सततचा गार-गरम फरक यांनी लिंबाकडचा भाग आधी आंबतो. खोक्यासकट कपाटात ठेवली की चांगला सेंट वर्षानुवर्षं राहतो.

खरेदी करताना एका वेळी तीन-चारच पट्ट्या हुंगा, त्यापुढे नाक काही सांगत नाही. काउंटरवर कॉफीच्या बिया ठेवलेल्या दिसतील. मी त्यांच्यावर फारसा विश्वास ठेवत नाही. स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या, नाहीतर दाराबाहेर दोन मिनिटं उभे राहा. मग आवडलेला एकच हातावर मारून घ्या आणि न विकत घेता निघून जा. कुठल्याही दुकानदाराला हे आवडत नाही, मलाही नाही. पण सहा तासांनी तो तुम्हाला आवडत असला तरच पैसे द्या. परदेशी बाटलीच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली असावी लागते, खोक्यावरचा आणि बाटलीवरचा बॅच क्रमांक जुळावा लागतो. 'टेस्टर पीस आहे, म्हणून निम्म्यात' हे वाक्य ऐकलं की पाकीट खिशात.

आता तुमचे पाच हजार. कूल वॉटर रोजच्या नोकरीला. उरलेल्यात चांगल्या प्रतीच्या रूह खसची छोटी कुपी, आणि तेर द'एर्मेसचं डिकँट. सोव्हाज आहेच, तो थंडीचा. नवीन महागडी बाटली घेऊच नका.

लग्नाला: हळदीच्या दिवशी काही लावू नका. हळद चोळलेल्या आणि नुकती दाढी केलेल्या कातडीवर अल्कोहोल झोंबतं. मुहूर्ताच्या दिवशी आंघोळ, तुरटी, कानामागे आणि छातीवर वाळ्याचं बोट, ते पूर्ण मुरल्यावरच कपडे. रेशमावर आणि जरीवर थेट फवारा मारला तर डाग राहतात. मुलीला आधी विचारा ती काय लावणार आहे. मे महिन्यात दोघांनी शेजारी शेजारी तासन्‌तास बसायचंय, समोर होमाचा धूर. आणि एकदा गळ्यात निशिगंधाचा हार पडला की कुठल्याही किमतीचा सेंट गप्प बसतो, तेव्हा त्यावर जास्त खर्च करण्यात अर्थ नाही. खरी अडचण वेगळीच येते. शेरवानी भाड्याने घेणार असाल तर तिच्या काखेत आणि कॉलरमध्ये आधीच्या नवरदेवाचा सेंट मुरलेला असतो, बहुधा इरॉस. ड्रायक्लीन करूनही तो पुरता जात नाही. दोन दिवस आधी ताब्यात घ्या आणि उन्हात न घालता गच्चीवर सावलीत, वाऱ्याला टांगून ठेवा.